मे महिन्यातली फरशी खोटं बोलते

प्रश्न थोडक्यात असा. इंदुरात लोकमान्य नगरमध्ये चाळीसेक वर्षांचं घर आहे. खाली हॉल आणि आई-वडिलांची खोली, दोन्हीकडे जुनी फरशी, कोटा दगडाची. वर नवी खोली बांधली आहे. तिचा स्लॅब जानेवारीत पडला, वरचा दोन इंची कोबा फेब्रुवारीच्या शेवटी झाला. आता तिन्ही ठिकाणी इंजिनिअर्ड वूडची, म्हणजे थरांच्या लाकडी फळ्यांची जमीन घालायचं मनात आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी मुंज आहे आणि दुकानदार म्हणतो, "पावसाळ्याच्या आत उरकून घ्या, नंतर ओल येते."

वरच्या खोलीत जमेल कदाचित. खाली नको. या मे महिन्यात तर नकोच. मुंज कोट्यावरच होऊ द्या. होमाचा विस्तव, सांडलेलं पाणी, तूप आणि दीडशे माणसांची ये-जा हे सगळं कोटा गेली चाळीस वर्षं सोसतोय, अजून एकदा सोसेल.

दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. ओल पावसाळ्यात येते हे बरोबर. पण मेमध्ये लाकडी जमीन घातली म्हणून ती यायची थांबत नाही. ती येते, आणि या वेळी तिच्या वाटेत तुमचं लाकूड असतं. आपल्या माळव्याची काळी माती मेमध्ये भेगाळलेली असते. जोत्यातला मुरूम कोरडा, फरशी कोरडी, भिंतीचा तळ कोरडा. त्या दिवसांत कुठलंही यंत्र लावा, ते "सगळं ठीक" म्हणणार. हीच माती जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पिऊन फुगते आणि ते पाणी जोत्यातून हळूहळू वर सरकतं. जुन्या घरांत फरशीखाली प्लास्टिक किंवा ओलरोधक थर घालायची पद्धत फारशी नव्हती. त्यामुळे खालच्या मजल्याची ओल तपासायचा महिना ऑगस्ट.

तपासणी अगदी साधी आहे. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, फरशीवर पसरा आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. निदान १६ तास राहू द्या. मी पूर्ण दोन दिवस ठेवतो. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा दगड काळपट पडला असेल तर ओल आहे. यात एक खुबी आहे, ती बरेच जण विसरतात: तुकडा कोट्याच्या सांध्यावर लावा, लादीच्या मधोमध नाही. कोटा हा घट्ट चुनखडीचा दगड, त्यातून ओल फारशी येत नाही. ती येते सांध्यांतून. मधोमध लावलात तर ऑगस्टमध्येसुद्धा फरशी पास होईल आणि तुम्ही नापास व्हाल. खोलीत चार-पाच जागी लावा. बाहेरच्या भिंतीलगत एक, न्हाणीघराच्या भिंतीलगत एक. सांध्यांत पांढरी भुकटी फुटत असेल, भिंतीच्या तळाचा रंग पोपडे धरून सुटत असेल, तर प्लास्टिक लावायचीही गरज नाही. घर स्वतःच सांगतंय.

ही झाली नुसती हो-नाही तपासणी, त्यातून आकडा मिळत नाही. वरच्या नव्या खोलीला मात्र आकडा हवा. ढोबळ हिशेब असा की काँक्रीट वाळायला दर इंचाला साधारण एक महिना लागतो, आणि तो महिना पाणी मारणं बंद केल्यापासून मोजायचा. तुमचा कोबा दोन इंच, खाली स्लॅब चार-पाच इंच. एप्रिल-मेचं ऊन आणि उघड्या खिडक्या यांनी मदत होते, पण ऊन वरचा अर्धा इंच वाळवतं आणि आपल्याला फसवतं. खरं मोजमाप पोटात घ्यावं लागतं: एकाच बाजूने वाळणाऱ्या थरात त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर भोक पाडून आत आर्द्रतेची सळई बसवायची, एक दिवस थांबायचं आणि वाचायचं. दोन्ही बाजूंनी वाळणाऱ्या स्लॅबमध्ये ही खोली २० टक्के. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत आली की मी काम सुरू करतो. काही कंपन्यांची पत्रकं ८०पर्यंत सूट देतात. मला ती धाकधूक नको. हे यंत्र सगळ्या ठेकेदारांकडे नसतं. ज्याच्याकडे नाही आणि "हाताला कोरडं लागतंय" एवढ्यावर जो काम घेतो, त्याला हात जोडा.

आता लाकडाबद्दल, कारण "इंजिनिअर्ड आहे, त्याला काही होत नाही" हे मी दर महिन्याला ऐकतो.

लाकूड हवेकडून ओल उसनी घेतं आणि परत करतं, हा व्यवहार ते झाड तोडल्यानंतरही बंद करत नाही. खोलीतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहतं, ८० टक्के असेल तर सुमारे १६. ओकची अखंड फळी घ्या, १५० मिलिमीटर रुंद, आडवी चिरलेली. तिच्यातलं पाणी ६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेलं तर ती तीन मिलिमीटरच्या वर रुंद होते. म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत एक सूत. एका फळीमागे एक सूत, आणि खोलीत अशा वीस फळ्या! म्हणून ही भानगड टाळायला स्वीडनच्या गुस्ताफ केर यांनी थरांच्या लाकडी जमिनीचं पेटंट १९४१ मध्ये घेतलं: वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली एकमेकांना आडवे थर. एक थर रुंदीला वाढू बघतो, खालचा त्याला धरून ठेवतो. त्यामुळे हालचाल बरीच कमी होते, पण संपत नाही. आणि धरून ठेवण्याचीही मर्यादा असते. फार कोरड्या हवेत वरचा थर आकसू बघतो, खालचा त्याला आकसू देत नाही, मग तो तडकतो. केसासारख्या बारीक चिरा पडतात, कधी थर सुटतो. इंदुरात मी पाहिलेल्या बिघडलेल्या जमिनींपैकी निम्म्या तरी कोरडेपणाने बिघडल्या आहेत. लोक मात्र फक्त पाण्याला घाबरतात.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांखाली जाते आणि ऑगस्टमध्ये ८०च्या वर. बहुतेक कंपन्या लाकडासाठी ३५ ते ६० टक्क्यांच्या आसपासचा पट्टा मागतात. या ओढाताणीत आपल्या घरचा एक प्राणी भर घालतो: कूलर. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर सुरू असेल तर खोलीत जवळजवळ पावसाळ्याची हवा असते. बंद केला की दोन तासांत वाळवंट. लाकडाला दोन्ही चालतं, पण हळूहळू. सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे: सुट्टीत सगळे पुण्याला जातात, घर तीन आठवडे बंद, पडदे उघडे, बाहेर ४२ अंश. परत येतात तेव्हा फळ्यांमध्ये फटी. तुमच्या घरी असं होत असेल तर पडदे ओढून, खिडक्या लावून आणि खोलीत दोन उघड्या बादल्या पाणी ठेवून जा. उपाय गावठी आहे, पण मी स्वतः करतो. आणि कूलरचा झोत, गळती किंवा ठिबकणारा पाइप थेट लाकडावर येणार नाही अशी त्याची जागा आधी ठरवा. तापमान-आर्द्रता दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र हजार रुपयांच्या आत मिळतं. ते आजच आणा आणि वरच्या खोलीत टांगा. मुंजीपर्यंत तुमच्या घराची सवय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

यातून महिना आपोआप ठरतो. मेमध्ये घातलेली फळी सगळ्यात बारीक असते, ती पुढे फुगणार. ऑगस्टमध्ये घातलेली सगळ्यात जाड, ती पुढे आकसणार. दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत घातली तर दोन्हीकडे अर्धं-अर्धं अंतर राहतं. वरची खोली मेमध्ये करावीच लागली तर लाकडाला फुगायला जागा म्हणून सोडायची भिंतीलगतची फट काटेकोर ठेवून करता येईल. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगतो, तिलाही नोव्हेंबरपर्यंत थांबवा.

भिंतीलगतच्या फटीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या अंगावर शेकली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरी लग्नाच्या घाईत मेमध्येच जमीन घातली. दगडी स्कर्टिंग आधीच बसवलेलं होतं, मालकांना ते फोडायचं नव्हतं, आणि फट झाकायला वरून लावायची पट्टी त्यांना "उगाच जाड" वाटत होती. मी मान डोलावली आणि १२ मिलिमीटरऐवजी जेमतेम ४ ठेवले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोन: "दादा, जमीन टम्म फुगलीय, मधून चाललं की वर-खाली होते." गेलो तर खरंच, खोलीच्या मधोमध तंबू. भिंतीलगत सगळीकडून जमिनीचीच बारीक पट्टी कापून काढली, आणि आठवड्याभरात ती जमीन आपसूक खाली बसली. लाकडात काही दोष नव्हता, माझ्या होकारात होता. तेव्हापासून फट १० ते १२ मिलिमीटर, चारी बाजूंना. दाराच्या चौकटीलगत, खांबालगत, पाइपाभोवतीसुद्धा. दगडी स्कर्टिंग असेल तर त्याच्या पुढ्यात लाकडी पट्टी येणार, ती भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही. ज्याला ही पट्टी आवडत नाही त्याचं काम मी घेत नाही.

याच न्यायाने भिंतीतलं कपाट, स्वयंपाकाचा ओटा, लोखंडी तिजोरी असलं जड सामान तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवता नुसत्या टेकवलेल्या जमिनीवर ठेवून तिला जखडायचं नाही. एका टोकाला कपाट चालतं. दोन्ही टोकांना ठेवलं की ती मध्ये हलायला जागा शोधते आणि सांध्यात सापडते. कायमचं कपाट आधी, जमीन त्याच्यापर्यंत.

तरंगती की चिकटवलेली? खाली कोट्यावर, ऑगस्टची तपासणी पास झाली तर, तरंगतीच: २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, सांध्याला वीतभर एकावर एक आणि चिकटपट्टी, कडेला भिंतीवर थोडं वर चढवलेलं, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम, त्यावर क्लिकच्या, म्हणजे एकमेकींत जीभ-खाचेने अडकणाऱ्या फळ्या. तपासणी नापास झाली तर प्लास्टिकच्या भरवशावर पुढे जाऊ नका. ते ओल अडवतं, नाहीशी करत नाही. अडलेली ओल कडेने भिंतीत चढते आणि खाली कुबट वास धरतो. मग पर्याय दोनच. कोटा उखडून, ओलरोधक थर आणि नवं काँक्रीट घालून पुन्हा वर्षभर वाट बघणं. किंवा कोटा राहू देणं. मला विचाराल तर हॉलचा कोटा राहू द्या. चांगला पॉलिश केलेला जुना कोटा उन्हाळ्यात पायाला जसा गार लागतो तसं कुठलंच लाकूड लागणार नाही. आई-वडिलांच्या खोलीत लाकूड समजू शकतो, थंडीत म्हाताऱ्या पायांना ऊब हवी असते.

वरच्या खोलीत चिकटवता येईल. पायाखाली भरीव वाटतं, टकटक आवाज येत नाही. पण आपल्याकडचा कोबा पुष्कळदा वरून भुसभुशीत असतो. खिळ्याने चौकटी-चौकटी ओरखडून बघा. पूड निघाली, कडा तुटल्या, तर गोंद कोब्याला धरेल आणि कोब्याची साल खालच्या कोब्यापासून सुटेल. तसा असेल तर तरंगतीच घाला. चिकटवायची असेल तर लाकडाच्या जमिनीसाठीचा एमएस पॉलिमरचा लवचीक गोंद, खाचांच्या थापीने पसरलेला. पाण्यावरचा पांढरा फेविकॉल छाप गोंद फर्निचरला ठीक. इथे तो लाकडाला पाणीच पाजेल.

पातळी. दोन मीटरची सरळ पट्टी घेऊन खोलीभर फिरा, उभी, आडवी, तिरपी. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला की तिथे काम आहे. उतार चालतो, खड्डा आणि उंचवटा चालत नाही. जुन्या कोट्याच्या लाद्यांना कडेला ओठ आलेले असतात, ते घासून काढा. खड्डे लेव्हलिंगच्या मसाल्याने भरा. खड्ड्यात फोमचे दोन थर घालून "बसेल, बसेल" म्हणणारा मिस्त्री भेटेल. त्यावर पाय पडला की फळी खाली-वर होते आणि वर्षभरात क्लिकची जीभ तुटते. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या लाद्याही आधी बसवून घ्या.

खरेदी करताना फळीची कापलेली कड बघा. दुकानात "वूडन" नावाखाली लॅमिनेट, प्लास्टिक-दगडाची फळी आणि इंजिनिअर्ड हे तिन्ही विकलं जातं. कडेला वर लाकडाचा वेगळा थर दिसला पाहिजे आणि वरची रेष कडेतून खाली उतरताना दिसली पाहिजे. वरचा थर अर्धा-पाऊण मिलिमीटर असेल तर ती जमीन पुन्हा कधी घासून पॉलिश होणार नाही. ३ मिलिमीटर असेल तर एकदा, जपून दोनदा होईल. पैसे तिथे घाला, रंगात नाही. आणि मोजमापापेक्षा ८ ते १० टक्के जास्त घ्या.

खोकी आली की ज्या खोलीत लागणार त्याच खोलीत, आडवी, दोन-तीन दिवस. भिंतीला उभी टेकवली तर फळी कमान धरते. उघडायची की बंद ठेवायची ते कंपनीच्या पत्रकावर. बहुतेक जण बंद ठेवा म्हणतात. पण हे दोन-तीन दिवस खोली नेहमीसारखी असली पाहिजे: खिडक्यांना काचा, ओलं काम संपलेलं, पुट्टी-रंग होऊन वाळलेला. रंगारी आणि लाकूड एका खोलीत एकाच वेळी नकोत. रंगाचा शेवटचा हात तेवढा स्कर्टिंगनंतर.

घालायच्या आदल्या दिवशी कागद-पेन्सिल घ्या. समजा खोलीची रुंदी ३४५० मिलिमीटर आणि फळी १९० ची. दोन्हीकडची फट वजा केली की ३४२६ उरतात. अठरा फळ्या बसतात आणि शेवटी ६ मिलिमीटरची चिंधी उरते. ती कोण कापणार आणि कशी टिकणार? म्हणून सतरा अख्ख्या ओळी, आणि पहिली-शेवटची दोन्ही ९८ मिलिमीटरच्या. ही दोन मिनिटांची वजाबाकी न करणारे मिस्त्री दुपारी चारला कपाळाला हात लावून बसलेले मी पाहिले आहेत. फळ्या तीन-चार खोक्यांतून मिसळून घ्या, नाहीतर एका कोपऱ्यात सगळ्या काळ्या गाठी जमतील. शेजारच्या ओळींचे आडवे सांधे निदान फूटभर सरकलेले हवेत. पहिली ओळ दोरी मारून सरळ, भिंत सरळ आहे असं मानायचं नाही. चाळीस वर्षांच्या घरात ती नसतेच. दाराच्या चौकटी खालून कापून फळी त्यांच्याखाली सरकवा, आणि पल्ले किती कापावे लागतील ते आधीच मोजा: १४ ची फळी, २ चा फोम, वर हवा.

खाली उधईचा बंदोबस्त याआधीच हवा. बांधून झालेल्या घरांसाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. भिंत आणि जमीन मिळते तिथे फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडतात. प्लास्टिक पसरल्यावर ते करता येत नाही.

नंतरची काळजी. आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं याचा मला अभिमान आहे, पण बादली ओतून फरशी पुसायची सवय लाकडावर चालणार नाही. पिळून जवळजवळ कोरडं केलेलं फडकं, फिनाईल नाही. कामाला येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी स्वतः करून दाखवा. दोष शेवटी त्यांच्या माथी येतो आणि सांगितलेलं कुणीच नसतं. देवघराखाली लाकूड नकोच, तिथे दगडाचा चौकोन ठेवा. समईचं तेल, कुंकू, उदबत्तीची राख, यातलं तेल सगळ्यात वाईट. फिनिश तेलाचं घ्यावं की लॅकरचं, यात मी इंदूरकरांना लॅकर सुचवतो. तेलाचं दिसतं सुंदर, पण रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतून परतलेल्या पायांचे गुलाबी ठसे ते पोटात घेतं.

उरलेल्या फळ्यांचं एखादं खोकं नक्की ठेवा, चार वर्षांनी तो रंग मिळत नाही. फक्त गच्चीवरच्या पत्र्याखालच्या माळ्यावर नको, पलंगाखाली, आडवं.